पणजोबा कोणत्या जिल्ह्यात शोधायचे?

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. 1960 पर्यंत हा भाग पश्चिम खानदेशात होता, 1906 पूर्वी अखंड खानदेशात. म्हणून इंटरनेटवर जुनी गॅझेटिअर किंवा जनगणनेची पुस्तके चाळताना ‘खानदेश’ हेच नाव टाकावे. 1960 मध्ये या पट्ट्यातली 156 गावे गुजरातेत गेली. त्यांचा माग तिकडच्या दप्तरात लागतो.

जमीन असेल तर सुरुवात सातबाऱ्यापासून करा. भूमी अभिलेख विभागाने जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन केले आहेत. विभागाच्या संकेतस्थळावर ते शोधताना मात्र आजचाच जिल्हा, तालुका निवडायचा. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो. वारसाचा फेरफार उघडला की मयत खातेदार आणि त्याचे वारस दिसतात, म्हणजे एक पिढी मागे. त्याच्याही आधीचा फेरफार काढला की आणखी एक.

जमीन नावावर नसेल तर कोतवाल बुक, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूची नोंद (गाव नमुना 14), आणि शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. त्यासाठी बहुधा तहसील आणि शाळा गाठावीच लागते. आडनावावर अडून राहू नका: जुन्या नोंदींत वळवी, पाडवी यांच्या जागी नुसते ‘भिल’ लिहिलेले आढळते. अशा वेळी वडिलांचे नाव आणि गाव जुळवावे.

हा शोध जमातीच्या दाखल्यासाठी असेल तर एक तारीख लक्षात ठेवा: अनुसूचित जमातींची यादी 6 सप्टेंबर 1950 ची. त्याआधीच्या नोंदीला जात पडताळणीत मोठे वजन असते.