शेजारच्या दातांची किंमत

२० मार्चच्या जागतिक मौखिक आरोग्य दिनाला दरवर्षी ब्रश कसा धरावा, चूळ कधी भरावी, तंबाखू का सोडावी हे सगळीकडे सांगितले जाते. सचिन तेंडुलकर यांना सोबत घेऊन राज्याने २०२३ साली सुरू केलेल्या ‘स्वच्छ मुख अभियाना’चा भरही त्यावरच आहे, आणि तो योग्यच आहे. पण ज्याची दाढ दहा वर्षांपूर्वीच गेली, त्याच्यासाठी या साऱ्यात फारसे काही नाही. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळसारख्या गावात असे तोंड अपवादाने नव्हे, घरोघरी सापडते. त्यातही पहिली मोठी दाढ आधी जाते, कारण ती सहाव्या वर्षी येते आणि घरचे तिला दुधाची समजून किडू देतात. तालुका होऊन पंचवीस वर्षे उलटली तरी दाताच्या मोठ्या कामासाठी पावले लातूर-उदगीरकडेच वळतात. तिथे विचारणाही बहुतेक एकच असते: फिक्स दात बसवायला किती लागतील? माझे म्हणणे असे की हा प्रश्न गेलेल्या दाताचा कमी आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या दातांचा जास्त आहे. आणि ज्या गावातून पुन्हा तपासणीला जाणे होत नाही, तिथे बिघडले तर लगेच कळेल आणि माघारी फिरता येईल, असाच इलाज आधी निवडावा.

‘फिक्स’ म्हणजे बहुधा पूल, आणि पूल म्हणजे ब्रिज बसवताना फटीच्या दोन्ही बाजूंचे दात टोपी बसेल इतके घासून लहान करतात. चावण्याच्या पृष्ठावरून दीड ते दोन मिलिमीटर, बाजूंनी एक ते दीड. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण दाढेवरचे पांढरे कठीण कवच सर्वात जाड जागीही अडीच मिलिमीटरच्या आसपासच असते. डॅनियल एडेलहॉफ आणि जॉन सोरेन्सन यांनी २००२ साली वजन करून मोजले, तेव्हा पूर्ण टोपीसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी ६३ ते ७२ टक्के भाग घासून जातो असे आढळले. म्हणजे एका गेलेल्या दातासाठी दोन निरोगी दातांचा निम्म्याहून जास्त भाग कायमचा द्यायचा. घासलेले कवच पुन्हा वाढत नाही. दात आतल्या नसेपर्यंत हळवा होतो आणि दहा वर्षांत साधारण दहातल्या एका आधारदाताची नस मरते. शेजारच्या दाताला आधीच रूट कॅनाल झालेले असेल किंवा त्यात मोठे सिमेंट भरलेले असेल, तर हिशेब पालटतो. त्या दाताला टोपी लागणारच होती, तीच पुलाच्या कामी येते. तिथे पूल हा उत्तम इलाज आहे. माझी तक्रार आहे ती न किडलेल्या, न दुखणाऱ्या दातावर चालणाऱ्या मशीनबद्दल.

पूल टिकत नाही असे मात्र कोणी समजू नये. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित आढाव्यात दोन्ही बाजूंना आधार असलेले सुमारे ८९ टक्के पूल दहा वर्षांनंतरही तोंडात होते. इम्प्लांटवर, म्हणजे हाडात घातलेल्या स्क्रूवर, बसवलेल्या एकेकट्या दाताचा आकडाही जवळपास तोच होता. अडचण पुढे आहे. हे आकडे बहुतांशी अशा दवाखान्यांतले आहेत, जिथे रुग्णाला ठरलेल्या वेळी बोलावून तपासतात. आपल्याकडे दुखल्याशिवाय कोणी दाताच्या डॉक्टरकडे जात नाही, आणि पूल नेमका न दुखता बिघडतो. एका बाजूच्या टोपीचे सिमेंट विरघळते, पण दुसरी बाजू घट्ट धरून असल्याने काहीच हलत नाही. सुटलेल्या टोपीखाली लाळ आणि अन्न शिरते, दात आतून किडत राहतो. आधी रूट कॅनाल झालेले असेल तर ठणकाही लागत नाही. मग एक दिवस भाकरीचा कडक पापुद्रा चावताना सगळा पूलच दाताच्या बुंध्यासकट हातात येतो. एका फटीच्या तीन फटी होतात.

या मुद्द्यावर जर्मनीतल्या कील विद्यापीठाचे माथियास केर्न यांचे काम मला सगळ्यात मोलाचे वाटते. पुढचा दात गेला असेल तर शेजारचे दात न घासता, त्यांच्या आतल्या बाजूला पातळ पंख चिकटवून मधला दात टांगायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात ती विकसित झाली म्हणून तिला मेरिलँड ब्रिज म्हणतात. केर्न सुरुवातीला असे सिरॅमिकचे पूल दोन्ही शेजाऱ्यांना दोन पंख चिकटवून बसवत. काही पुलांचा एक पंख मोडला. नियमाप्रमाणे पूल निकामी झाला होता. पण रुग्णांच्या तोंडात तो एका पंखावर वर्षानुवर्षे तसाच उभा राहिला. ते मोडणे केर्न यांनी नोंदीत अपयश म्हणून टाकून दिले नाही, त्यातून रचना बदलली आणि पुढे पंख एकच ठेवला. कारण सोपे आहे. चावताना शेजारचे दोन दात सारखे हलत नाहीत. दोघांना एका पट्टीत जखडले की ताण पंखावर येतो आणि एक बाजू सुटते. एकाच दाताला टांगलेला पूल त्या दाताबरोबर हलतो. झिर्कोनियाच्या अशा एकपंखी पुलांचा त्यांचा दहा वर्षांचा हिशेब २०१७ साली आला, त्यात टिकण्याचे प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास होते. आणि आपल्या गावांसाठी सर्वात महत्त्वाचे म्हणजे एकपंखी पूल सुटला की सरळ हातात येतो. किडीला लपायला जागा मिळत नाही, दात शाबूत असतो, पुन्हा चिकटवता येतो. लग्नाच्या वयाच्या मुलीचा पुढचा दात पडून तुटला की घाईघाईने तिचे दोन चांगले दात घासले जातात. तिथे या इलाजाची चौकशी आधी व्हायला हवी.

दाढेच्या जागी हे चालत नाही, हा आक्षेप खरा आहे. तिथे जोर मोठा असतो आणि एक पंख पुरत नाही. पण दाढेची प्रत्येक फट भरलीच पाहिजे असेही नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखेनचे आर्न्ड कायझर यांनी १९८१ साली दाखवले की शेवटच्या दाढा गेल्या तरी पुढचे वीसेक दात जोडीने असतील तर बहुतेकांचे चावणे नीट चालते. यावर कोणी म्हणेल की मोकळी जागा ठेवली तर शेजारचे दात कलतात. काहींचे कलतात. पण अमेरिकेत ज्यांनी फट तशीच ठेवली अशा रुग्णांवर काही वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा बहुतेकांत हे सरकणे एक-दोन मिलिमीटरच्या आतच राहिले. भीती घालून आजच दात घासावा इतके ते तातडीचे नाही. सहा महिने-वर्ष थांबून पाहता येते.

इम्प्लांट शेजाऱ्याला हात लावत नाही, म्हणून तोच खरा इलाज, असे डॉक्टर सांगतात तेव्हा तत्त्वतः ते बरोबर असते. पण त्याला हाड लागते, साखर आटोक्यात लागते, पैसा आणि खेपा लागतात, आणि तंबाखू त्याच्या मुळावर येते. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. रोज सकाळी मिश्री लावणाऱ्याच्या जबड्यात स्क्रू बसवताना हे आधी बोलले गेले पाहिजे. राहिली काढ-घालीची कवळी. तिला लोक नाक मुरडतात: दात काढून वाटीत ठेवायचे म्हणजे म्हातारपण आले. ही भावना मी हसण्यावारी नेणार नाही, चारचौघांत तोंड उघडण्याचा तो प्रश्न आहे. पण कवळीसाठी निरोगी दात जवळजवळ घासावा लागत नाही, रोज काढून धुता येते आणि बिघडली तर त्याच दिवशी कळते. पुलाखाली मात्र रोज दोरा ओवून साफ करावे लागते आणि हे बसवतानाच शिकवायला हवे. फिक्सच्या याच ओढीचा फायदा रस्त्यावर दात बसवणारे घेतात. दंतवैद्यकाची कायदेशीर नोंदणी नसताना ते प्लास्टिकचा दात तारेने शेजाऱ्यांना कायमचा बांधून देतात. खाली हिरडी सडते आणि बांधलेले दातही जातात.

सरकारनेही इथे लक्ष घालावे. केंद्राच्या २०१७च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीचे नाव आहे. राज्याने २०२४ साली काढलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत तीन हजार रुपये मिळतात. तिच्या साधनांच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा ही नावे लिहिलेली आहेत, कवळीचे नाही. यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ आहे. शिरूर अनंतपाळच्या पासष्टीच्या शेतकऱ्याला त्या ‘इत्यादी’त आपले दात येतात हे कोणी सांगायचे? तिथे ‘कवळी’ हा शब्द घालावा. आणि लातूरच्या दंत महाविद्यालयाने तालुक्यात शिबिर घेतले तर नव्या दातांच्या मापांबरोबर, पाच वर्षांपूर्वी बसवलेले पूल तपासण्याचे एक टेबलही तिथे मांडावे.