पट्टणकोडोलीची जत्रा आणि आमचे माड

घाटापलीकडे मेंढरांचे कळप आणि घाटाखाली भात व माड, ही निसर्गाने केलेली वाटणी आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. मालवणच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी भरपूर पाऊस पडतो. अशा ओलीत मेंढीचे खूर सडतात व जंतांचाही उपद्रव होतो. महसुली नोकरीत पशुगणनेचे जे तक्ते आमच्या हातून गेले, त्यांत मेंढ्यांच्या रकान्यात बहुधा आडवी रेघच असे. त्यामुळे मेंढपाळांचा मेळा पाहण्याचा योग आम्हांस सेवानिवृत्तीनंतरच आला.

फोंडा घाट चढून राधानगरीवरून कोल्हापूर गाठावे, व तेथून हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीस जावे. तेथे दसऱ्यानंतर, ऑक्टोबराच्या सुमारास, श्रीविठ्ठल-बिरदेवाची जत्रा भरते. महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही प्रांतांतील धनगर बांधव तीस लोटतात. सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावाहून मानाचे फरांडेबाबा पायी येतात, हाती तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि पाऊसपाणी व धान्याचे भाव यांविषयी भाकणूक सांगतात. ढोल-कैताळांच्या गजरात भंडारा, खारीक व खोबरे यांबरोबर लोकरही उधळली जाते. पिवळ्या भंडाऱ्यात काळ्या लोकरीचे पुंजके पडताना पाहून, हे जनावर या लोकांचे केवढे दैवत आहे, हे मनावर ठसते.

परंतु जत्रेच्या कडेला एका वृद्ध मेंढपाळाशी बोलणे झाले, तेव्हा दुसरी बाजू कळली. आम्ही लोकरीचा भाव विचारला. तो म्हणाला, “भाव कसला, पाव्हणं? कातरणाऱ्याला पदरचं पैसं द्यायचं आन् लोकर बांधावर टाकायची.” म्हणजे देवावर उधळतात ती मानाची, आणि घरी राहते ती ओझ्याची!

याचे कारण असे. दख्खनी मेंढीची लोकर जाड व राठ असते. कातरणी वर्षातून दोनदा होते, तरी एका मेंढीमागे वर्षात किलोभर लोकरही क्वचितच निघते. सनगर लोक तिचे सूत मागावर विणून व चिंचोक्यांची खळ देऊन घोंगडी करीत. भिजूनही ऊब न सोडणारी ती घोंगडी एके काळी आमच्या लावणीच्या शेतांतही दिसे. पुढे गिरणीची स्वस्त ब्लँकेटे व प्लॅस्टिकचे कागद आले आणि तिचे गिऱ्हाईक तुटले. आज मेंढपाळाचा संसार मुख्यत्वे कोकरांच्या विक्रीवर व शेतात खतासाठी कळप बसविण्याच्या मोबदल्यावर चालतो. मेंढीच्या सुधारणेकरिता राज्याने १९७८ साली महामंडळ स्थापिले, व फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरे देणारी ‘सुवर्णा’ मेंढी तयार केली. हे उद्योग स्तुत्य होत. पण त्यांनी लोकरीचा प्रश्न सुटत नाही.

येथे आम्हां किनाऱ्यावरील बागायतदारांचा संबंध येतो. धुतलेल्या, कोरड्या लोकरीत नत्राचे प्रमाण शेकडा सुमारे १६ असते. ती मातीत हळूहळू कुजते, म्हणून नत्र एकदम सुटत नाही. शिवाय ती पाणी धरून ठेवते. उलट आमच्या पुळणीत घातलेला युरिया पहिल्याच मोठ्या सरीबरोबर खाली उतरतो, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. ओल टिकावी म्हणून माडाच्या खड्ड्यात नारळाची सोडणे पुरण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. त्याच थरात लोकर पुरण्यास काय हरकत आहे? मात्र ती उघडी न ठेवता मातीआड करावी, कारण तिच्यात गवताचे बी असते; आणि नत्र सावकाश मिळत असल्याने शेणखत बंद करू नये.

आम्ही परतताना एक पोते लोकर आणली. पैसे देऊ केले, तर मेंढपाळ हसू लागला. आम्ही ते आग्रहाने दिले. आठ कोवळ्या माडांपैकी चारांच्या आळ्यांत ती पुरली आहे व चार तसेच ठेवले आहेत. वर्षाअखेर पाने मोजून, इष्ट वा अनिष्ट जे दिसेल ते, याच मासिकात कळवू. फळ चांगले आले, तर घाटावरून रिकाम्या परतणाऱ्या मालमोटारींतून आपल्या संघाने लोकर मागवावी आणि तिचा वाजवी भाव द्यावा. फुकट मिळते म्हणून फुकट नेणे शेतकऱ्याने शेतकऱ्याशी करू नये.