थंड पाण्याची तळी – भाग ६ : गाळात साठलेला सोमल

मागच्या भागात कॅनडातल्याच सडबरी शहराच्या आसपासच्या तळ्यांची हकीकत बऱ्यापैकी आशेवर संपली होती. निकेल-तांब्याच्या भट्ट्यांचा गंधकी धूर नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाला, पाण्यातलं आम्ल ओसरत गेलं आणि कित्येक तळ्यांत मासे परतले. त्यावरून असं वाटू शकतं की धुराडं थांबलं की तळं आपोआप सुधारतं. आज ज्या तळ्यांबद्दल लिहायचं आहे, त्यांच्या बाबतीत तसं झालेलं नाही.

कॅनडाच्या वायव्य प्रदेशांची राजधानी यलोनाइफ. ती ग्रेट स्लेव्ह या सरोवराच्या उत्तर काठावर आहे. ६१४ मीटर खोलीचं हे सरोवर उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल. शहराच्या आसपास उघड्या, कठीण खडकात असंख्य लहान तळी आहेत. १९४८ मध्ये इथे ‘जायंट’ खाणीतून सोनं निघू लागलं. ते खडकात सुटं नव्हतं. लोह, गंधक आणि आर्सेनिक यांच्या आर्सेनोपायराइट या खनिजात ते अडकलेलं होतं आणि सोडवण्यासाठी खनिज भट्टीत भाजावं लागे. भाजताना आर्सेनिकची वाफ होई आणि निवताच तिची पांढरी भुकटी बने. ही भुकटी म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, आपल्याकडे जुन्या लोकांना ठाऊक असलेला सोमल.

१९४९ मध्ये भट्टी पेटली. पहिली दोनेक वर्षं धूर गाळण्याची कसलीच सोय नव्हती. दिवसाला सुमारे सात टन आर्सेनिक धुराड्यातून बाहेर पडत होतं आणि बर्फावर, गोठलेल्या तळ्यांवर बसत होतं. डेने हे इथले मूळचे लोक. पिण्यासाठी ते पूर्वापार बर्फ वितळवत आले होते. १९५१ च्या वसंतात असं पाणी पोटात गेल्याने इथल्याच लॅथम बेटावरचं एक दोन वर्षांचं डेने मूल दगावलं. कुटुंबाला ७५० डॉलर भरपाई मिळाली. त्याच वर्षी धूर गाळणारं पहिलं यंत्र बसलं, १९५८ मध्ये त्याहून चांगलं आलं आणि हवेत जाणारं विष झपाट्याने घटलं. म्हणजे मुख्य आघात जेमतेम दहा वर्षांचा.

तो तळ्यांना किती बाधला, हे त्यांच्या गाळातून कळतं. भट्टीपासून साधारण किलोमीटरभर अंतरावर पॉकेट लेक नावाचं एक लहानसं तळं आहे. तळाशी गाळ वर्षानुवर्षं थरावर थर बसत जातो. नळी घालून तो उभाच्या उभा काढायचा, पातळ चकत्या करायच्या आणि शिसे-२१० या किरणोत्सारी अणूच्या क्षयावरून प्रत्येक चकतीचं वय ठरवायचं, अशी पद्धत आहे. डायटम शेवाळाची सिलिकाची कवचं गाळात टिकतात. डाफ्नियासारख्या पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जिवांचे अवशेषही टिकतात. त्यामुळे कोणत्या काळी तळ्यात कोण राहत होतं याची नोंद मिळते. कॅनडातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये पॉकेट लेकचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. खाण सुरू झाल्याच्या थरापासून आर्सेनिक, अँटिमनी, शिसं आणि पारा एकदम वर चढलेले दिसले आणि त्याच थरापासून डाफ्निया व त्याची भावंडं जवळजवळ नाहीशी झाली. मला सगळ्यात अस्वस्थ करते ती यापुढची नोंद. धूर आटोक्यात येऊन पन्नास वर्षं उलटली, तरी वरच्या, अगदी ताज्या गाळातही ते जीव परतलेले नव्हते.

हे जीव डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण तळ्यातलं शेवाळ खाऊन ते स्वतः पुढे लहान माशांचं अन्न होतात. उष्ण प्रदेशातल्या तळ्यात एक जात गेली तर तिचं काम उचलणाऱ्या दुसऱ्या चार असतात. उत्तरेकडे जातीच मोजक्या, वाढ संथ, उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा. लेक ट्राउट माशाला तर प्रजननक्षम व्हायलाच कित्येक वर्षं लागतात. अशा ठिकाणी साखळीची एक कडी तुटली की ती जोडायला बदली मिळत नाही.

सडबरी आणि यलोनाइफ यांच्यातला खरा फरक मात्र विषाच्या जातीत आहे. आम्ल चुन्याने मारता येतं, पावसाने विरळ होतं. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. त्याचं विघटन होत नाही, ते फक्त जागा बदलतं. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू असतो तेव्हा ते गाळातल्या लोहाच्या गंजाला चिकटून राहतं. हिवाळ्यात तळ्यावर बर्फाचं झाकण बसतं, हवेतला प्राणवायू आत येत नाही, होता तो गाळातले जिवाणू संपवतात. मग तो गंज विरघळतो आणि धरून ठेवलेलं आर्सेनिक पुन्हा पाण्यात उतरतं. त्यात पाणी गोठताना क्षार आणि विषं बर्फात फारशी शिरत नाहीत, खाली उरलेल्या थोड्या पाण्यात दाटत जातात. उथळ तळ्यात जे काही जिवंत असतं, ते दर हिवाळ्यात या दाट पाण्यात अडकतं. धुराडं बंद आहे, पण तळ्याचा तळच आता विषाचा स्रोत झाला आहे.

ग्रेट स्लेव्ह सरोवराला त्याच्या अफाट पाण्याने वाचवलं, जरी सुरुवातीच्या काळात खाणीचा चुरा थेट त्याच्या काठावर टाकला जात होता. मार लहान तळ्यांनी सोसला. शहराच्या मधोमध असलेल्या फ्रेम लेकसह अनेक तळ्यांत पोहू नये, मासे धरू नयेत, अशी सूचना सरकारी आरोग्य खात्याने दिली आहे.

आणि गाळून अडवलेल्या धुराचं काय झालं? तो जमिनीखालच्या पोकळ्यांत भरला गेला. २,३७,००० टन सोमल आजही तिथे आहे. कायम गोठलेली जमीन त्याला बांधून ठेवेल, असा त्या वेळचा हिशेब होता, पण खाणकामानेच ती जमीन वितळली. आता कार्बन डायऑक्साइड भरलेल्या नळ्या खडकात उतरवून हिवाळ्यातली थंडी खाली न्यायची आणि त्या पोकळ्या गोठवून ठेवायच्या, अशी योजना आहे. हा उपाय शंभर वर्षांसाठी मंजूर झाला आहे, कायमचा उपाय अजून शोधायचा आहे.

खाणीच्या मालक कंपनीचं १९९९ मध्ये दिवाळं निघालं. २०२२ च्या अंदाजानुसार सफाईचा खर्च ४.३८ अब्ज कॅनेडियन डॉलर आहे आणि तो सरकारी तिजोरीतून होतो आहे. खाण चालली पन्नासेक वर्षं. परवाना देताना तळ्याच्या कालमानाने हिशेब झाला असता, तर अशी भट्टी गाळणीशिवाय एक दिवसही पेटू द्यायला नको होती.

पुढच्या भागात याच प्रदेशातल्या हिऱ्यांच्या खाणीकडे वळू. तिथे लॅक द ग्रा या तळ्यातच बांध घालून, पाणी उपसून, तळाशी खाण खोदली आहे.