हौशी सुतारकामाची सत्तर वर्षे

उपजीविकेसाठी नव्हे, तर केवळ आवडीखातर हाती करवत आणि रंधा धरणारा गृहस्थ आपल्या समाजात फार जुना नाही. गावगाड्याच्या व्यवस्थेत सुतार हा बलुतेदार. नांगर, कुळव, गाडीची चाके, घराच्या तुळया आणि दारांच्या चौकटी ही सारी त्याच्या हातची, आणि त्याचे कसब बापाकडून मुलाकडे ज्या रीतीने जात असे, त्या रीतीत इतरांना ना प्रवेश होता, ना प्रवेशाची इच्छा. कचेरी आणि दप्तर यांवर ज्यांची गुजराण होती अशा घरांत तर लाकूड तासणे हे आपले काम नव्हे, ही समजूत इतकी पक्की होती की तिचा उच्चार करण्याचीही कोणास गरज भासत नसे. अशा घरांच्या पडव्यांत, चाळींच्या गॅलऱ्यांत आणि पुढे बंगल्यांच्या गॅरेजांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुतारकामाचा बाक हळूहळू उभा राहू लागला. ही घटना दिसावयास लहान असली, तरी आपल्या मध्यमवर्गाच्या सामाजिक इतिहासात तिला जागा मिळाली पाहिजे असे मला मनापासून वाटते. या सुमारे सत्तर वर्षांचा मागोवा घेताना एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते: या काळात हत्यारे हौशी माणसाच्या अधिकाधिक जवळ आली, आणि लाकूड मात्र त्याच्यापासून दुरावत गेले.

या हौसेला वैचारिक अधिष्ठान लाभले ते शिक्षणाच्या मार्गाने. स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमन यांनी १८७० च्या दशकात शिक्षकांसाठी हस्तोद्योगाचे जे विद्यालय उभे केले, त्याचे सूत्र असे होते की मुलाच्या हाती लाकूड द्यावे ते त्याला सुतार बनविण्यासाठी नव्हे, तर त्याची नजर नेमकी व्हावी, हात संयमी व्हावा आणि श्रमाविषयी त्याच्या मनात आदर उपजावा म्हणून. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली स्थापन झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजींनी मुलांसाठी सुतारकामाचा जो लहानसा वर्ग चालविला, तोही याच जातीचा. तेथे त्यांचे वास्तुविशारद मित्र हर्मन कॅलनबाख यांना सुतारकामाचे ज्ञान होते, आणि वकील, वास्तुविशारद व मजुरांची मुले हे सारे एकाच आवारात हातांनी राबत होते. त्याच विचाराचा परिपाक पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत दिसला, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आखलेल्या योजनेत सूतकताई आणि शेती यांच्या जोडीला पुठ्ठाकाम व लाकूडकाम यांनाही मूलोद्योगाचे स्थान मिळाले. ज्या शाळांत ही योजना कागदावर न राहता खरोखर अमलात आली, तेथील मुलांना रंध्याची मूठ आणि पटाशीची धार यांची ओळख वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी झाली, आणि ती ओळख कित्येकांच्या हातांनी जन्मभर जपली.

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे संस्थापक जे. पी. नाईक हे होते, 'कार्यानुभव' हा विषय सर्व शाळांसाठी सुचविला. हेतू थोर होता. परंतु बाक, शिकंजा आणि जाणता शिक्षक यांची बेगमी न करता विषय वेळापत्रकात घातला, की तो कागदी फुलांवर आणि भरतकामाच्या रुमालांवर भागतो, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी आला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कळबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमासारखे, हातांनी काम करीत शिकण्यावर खरी श्रद्धा ठेवणारे प्रयत्न विरळाच. त्यामुळे घरगुती सुतारकामाचा ओघ शाळेतून यावयाचा तो आटला, आणि पुढे हा छंद ज्याने त्याने आपल्या जिवावर सांभाळला.

आरंभीच्या काळातील हौशी माणसाची हत्यारे मोजकी असत: एक करवत, एक लाकडी किंवा लोखंडी रंधा, दोन-तीन पटाश्या, मोगरी, गुण्या, गिरमिट, कानस आणि धारेचा दगड. लाकडासाठी वखारीत जावे लागे, आणि वखार हीच त्याची खरी पाठशाळा असे. चंद्रपूर-बल्लारशाकडील साग आणि कोकणातून आलेला फणस यांतील फरक रंगाने, वजनाने आणि वासाने ओळखावयाचा. ओंडक्याच्या कडेचे फिकट लाकूड वाळवीला लवकर बळी पडते म्हणून गाभ्याचे मागावयाचे. घनफुटाचा हिशेब तोंडी करावयाचा. आणि जुना वाडा उतरवला जात असल्याची बातमी लागली की तेथे तळ ठोकावयाचा, कारण साठ-सत्तर वर्षे छपराखाली सुकलेल्या तुळईइतके भरवशाचे लाकूड दुसरे नसे. घरी आणलेली फळी सरळ करणे हीच मोठी विद्या होती. फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून, डोळा त्यांच्या पातळीला आणून पाहावयाचे. मागच्या पट्टीची कड पुढच्या पट्टीच्या कडेशी समांतर दिसली नाही, तर फळीत पीळ आहे असे समजावयाचे, उंच कोपऱ्यांवर खूण करावयाची आणि तेवढाच भाग रंध्याने तिरका तासून पुन्हा पाहावयाचे. रंधा लाकडाच्या रेघेबरोबर चालला तर पातळ, अखंड साल उलगडत निघे आणि पृष्ठभाग तुकतुकीत होई. रेघेविरुद्ध चालला तर तंतू उचकटून खड्डे पडत. रेघ पाहिल्याखेरीज लाकडाला हत्यार लावू नये, हा जुन्या मिस्त्रींचा पहिला दंडक होता.

जोडणीसाठी त्या काळी सरस वापरीत. जनावरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून काढलेला हा जिन्नस रात्रभर थंड पाण्यात भिजत घालावयाचा, सकाळी तो फुगला की एका भांड्यातील पाण्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर वितळवावयाचा, आणि उकळी मात्र येऊ द्यावयाची नाही, कारण उकळलेल्या सरसाचा चिकटपणा जातो. सरस निवता निवता घट्ट होई, म्हणून कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ, आणि त्याची खोबण आधीच नेमकी बसवून, जोड कोरडा जुळवून, मगच ब्रश हाती घ्यावयाचा असे. त्याचा उग्र दर्प घरातील मंडळींना सोसवत नसे आणि पावसाळ्यात दमट हवेने तो सैल पडे. म्हणून जोड असा कापावा लागे की सरसावर त्याचा फार भार पडू नये.

ही सारी शिस्त १९५९ नंतर बदलू लागली. बळवंतराय पारेख यांनी, ज्यांनी उमेदीच्या दिवसांत एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत शिपायाचे काम केले होते, त्या वर्षी फेव्हिकॉल बाजारात आणले. थंड, पांढरे, दर्पहीन असे हे द्रव्य डब्यातून काढून थेट लावता येई. लाकूड त्यातील पाणी शोषून घेई, आणि शिकंज्यात काही तास दाबून ठेवलेला जोड असा पक्का होई की पुढे लाकूड फाटे, पण जोड सुटत नसे. चूल, भांडे आणि प्रतीक्षा यांतून हौशी माणसाची सुटका झाली आणि दोन खोल्यांच्या घरातही सुतारकाम शक्य झाले. हा लाभ थोडा नव्हे, आणि या द्रव्याचे ऋण प्रत्येक हौशी सुताराने मोकळ्या मनाने मानले पाहिजे. मात्र जो जोड चिकटद्रव्याच्या बळावर टिकतो, तो नेमका कापण्याची निकड उरत नाही. कुसू गेला, आणि त्याच्या जागी नुसती फळीला फळी भिडवून ठोकलेली चूक किंवा आवळलेला स्क्रू आला.

प्लायवूडने हा बदल पुरा केला. आसामात चहाच्या पेट्यांसाठी वाढीस लागलेला हा धंदा पुढे घरांच्या कपाटांपर्यंत पोहोचला. यातील युक्ती अशी की लाकडाचे पातळ थर एकमेकांशी काटकोनात, विषम संख्येत चिकटवले, म्हणजे एका थराचे आक्रसणे दुसरा थर रोखतो आणि तक्ता जागचा हलत नाही. अखंड लाकडाचा स्वभाव याच्या उलट. साग ओला असल्यापासून पुरता सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५ ते ६ टक्के आक्रसतो, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. आणि सुकून वस्तू झाल्यावरही तो दर पावसाळ्यात थोडा फुगतो, दर उन्हाळ्यात थोडा आकुंचन पावतो. जुन्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत न चिकटवता मोकळी सोडलेली असते ती एवढ्याचसाठी, की आषाढात तिला फुगावयास आणि वैशाखात मिटावयास जागा राहावी. आठ फूट बाय चार फुटांच्या तक्त्यावर काम करणाऱ्याला हे काहीच ठाऊक असण्याची गरज उरली नाही. कारागिराचे माप मात्र टिकून राहिले: इंचाचे आठ सूत ही गणना मेट्रिक पद्धती येऊन इतकी वर्षे लोटली तरी जिवंत आहे, आणि १९ मिलिमीटरचा तक्ता मागितला तर दुकानदार आजही तो 'सहा सूत' म्हणूनच काढतो.

हत्यारांच्या बाबतीत पुढची पायरी विजेची. मुलुंडच्या रॅलीवुल्फ कंपनीचे ड्रिल ज्या घरात आले, त्या घराचा आळीत लौकिक वाढे, कारण सिमेंटच्या भिंतीला भोक पाडून मांडणी टांगणे हे तोवर घरगुती सामर्थ्यापलीकडचे काम होते. १९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल होत गेले आणि जिगसॉ, वर्तुळाकार करवत, राउटर ही यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. जे काम करण्यास पूर्वी मनगट महिनोन्महिने घडवावे लागे, ते यंत्र पहिल्याच दिवशी करून देऊ लागले. त्याबरोबर नवे धोकेही घरात शिरले. यंत्रातून उडणारी धूळ रंध्याच्या सालीपेक्षा फार सूक्ष्म असते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. म्हणून बंद बाल्कनीत, तोंडावर मास्क न लावता यंत्र चालवू नये, एवढे प्रत्येक नवशिक्याने पहिल्या दिवशीच मनावर घेतले पाहिजे.

याच दशकात लाकूडही निराळ्या वाटेने दुरावले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या हुकुमाने वनक्षेत्रात केंद्राच्या मंजुरीवाचून चालणाऱ्या सॉ मिल आणि प्लायवूडचे कारखाने बंद झाले; ईशान्येकडील वृक्षतोडीवर कठोर निर्बंध आले, आणि प्लायवूडच्या धंद्याचे केंद्र शेतात वाढविलेल्या पॉप्लरच्या आधारे हरियाणातील यमुनानगरकडे सरकले. अरण्यांच्या दृष्टीने हा हुकूम आवश्यकच होता आणि त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा की आजचा हौशी तरुण ज्या लाकडावर हात बसवतो, ते बहुधा परदेशातून यंत्रसामग्रीच्या खोक्यांबरोबर आलेले पाइन असते. अशा खोक्यांचे लाकूड आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापवलेले असते आणि त्यावर 'एचटी' असा शिक्का असतो. तो शिक्का पाहूनच ते घ्यावे, हा शहाणपणा आता भंगारवाल्यांच्या गल्लीत मिळतो, वखारीत नव्हे. सागाच्या प्रदेशात जन्मलेला मुलगा सागाला हात न लावता सुतारकाम शिकतो, ही या सत्तर वर्षांची अखेरची अवस्था होय.

या जमाखर्चात जमेची बाजू मोठी आहे, आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. एकेकाळी जे काम एका जातीच्या अंगणात बंदिस्त होते, ते आज डॉक्टर, शिक्षिका, निवृत्त कारकून आणि शाळकरी मुली अशा साऱ्यांना खुले आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या पुष्कळांनी पहिल्यांदाच करवत हाती घेतली, त्यांतील कित्येकांनी ती खाली ठेवली नाही. याहूनही मोलाची मिळकत माणसामाणसांतील नात्याची आहे. ज्याने एक कुसू आपल्या हाताने त्याच्या खोबणीत नेमका बसवला, त्याला त्या कामातील वेळ, नजर आणि मेहनत यांची किंमत कळते. तो मिस्त्रीच्या मजुरीवर घासाघीस करीत नाही, आणि त्याच्याशी बोलताना आवाजात आदर आणण्याची त्याला शिकवण द्यावी लागत नाही. सालोमन आणि वर्ध्याची समिती यांनी शाळेकडून जे अपेक्षिले होते, ते घरगुती छंदाने थोड्याबहुत प्रमाणात साधले.

आता तूट भरून काढण्याची तजवीज करावयास हवी, आणि ती अवघड नाही. प्रत्येक हौशी माणसाने वर्षातून निदान एक वस्तू अखंड लाकडाची, स्क्रू न वापरता करावी. त्यासाठी पाडलेल्या घराची चौकट किंवा शेताच्या बांधावर वाढलेल्या फणसाची अथवा शिवणीची फळी पुरेशी आहे, जंगल तोडावे लागत नाही. प्रत्येक शाळेने एक बाक आणि एक शिकंजा मांडून, गावातील वयोवृद्ध मिस्त्रीला आठवड्यातून दोन तास, योग्य मानधन देऊन, शिक्षकाच्या खुर्चीवर बसवावे. यंत्रे विकत मिळत राहतील, आणि मिळावीत. पण रेघ ओळखणारी नजर ज्या पिढीजवळ आहे ती पिढी थकत चालली आहे, आणि तिच्याकडून ती नजर घेण्याचे काम पुढच्या सत्तर वर्षांवर सोडता येणार नाही.