कॅन्सर बरा झाला, पण आरसा नको वाटतो? शस्त्रक्रियेनंतरच्या या त्रासावर उपाय काय?

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, रिपोर्ट चांगले आले. घरच्यांच्या दृष्टीने आजारपण संपले. अनेक महिलांसाठी मात्र दुसरी लढाई इथूनच सुरू होते. आरशासमोर उभे राहणे नको वाटते, हळदीकुंकवाला जाणे टळते, पदर सारखा सावरला जातो. मिरजेचे श्री सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल, साताऱ्याजवळ शेंद्रे येथील ऑन्कोलाईफ, कराडचे कृष्णा हॉस्पिटल यांमुळे सातारा-सांगलीत कॅन्सरचे उपचार जवळ आले. पण या त्रासाबद्दल घरात अजूनही बोलले जात नाही.

हा दिसण्याचा हौसेचा प्रश्न आहे का?
नाही. अवयव गमावल्यावर मनाला दुःख होणे स्वाभाविक आहे. काहींना काढलेल्या स्तनाच्या जागी खाज किंवा वेदना जाणवते. हे मनाचे खेळ नसून त्यामागे मज्जातंतू असतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबड्याचा भाग गमावलेल्या किंवा पोटावर पिशवी लागलेल्या पुरुषांनाही असाच त्रास होतो.
छातीवरच्या व्रणाकडे पाहणेच टाळले, तर नवी गाठ किंवा हाताची सूज उशिरा लक्षात येऊ शकते.

स्तन पूर्ण काढावाच लागतो का?
दरवेळी नाही. इटलीतील उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासांचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या टप्प्यात फक्त गाठ काढून रेडिएशन दिले, तरी रुग्ण जगण्याचे प्रमाण पूर्ण स्तन काढण्याइतकेच राहते, असे त्यातून दिसले. त्यामुळे ‘स्तन वाचवता येईल का? पुनर्रचना शक्य आहे का?’ हे शस्त्रक्रियेआधीच विचारावे.

स्तन काढल्यावर पर्याय कोणते?
जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने ब्रामध्ये सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वापरता येतो. ज्यांना तो जड किंवा महाग वाटतो, त्यांच्यासाठी सुती धाग्याने विणलेले हलके स्तन असतात. मुंबईच्या जयश्री रतन यांनी सुरू केलेली साईशा इंडिया फाउंडेशन ते मोफत देते. काहीही न वापरणे, हाही पर्याय आहेच.

मदत कधी घ्यावी?
दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, कशातच मन लागत नसेल, तपासणीला जाणे टळत असेल, तर थांबू नये. जीव नकोसा झाल्याचे विचार आले, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या परस्पर सुरू करू नयेत. टॅमॉक्सिफेन सुरू असेल, तर नैराश्यावरील काही औषधांमुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो.

मदत कुठे मिळेल?
• टेलिमानस हेल्पलाइन 14416 : मोफत, 24 तास, मराठीतही
• साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय
• सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय

घरच्यांनी काय करावे?
‘जीव वाचला ना, मग कशाला रडतेस?’ हे वाक्य मायेपोटी येते, पण त्याने बोलणे बंद होते. सल्ला देण्याआधी ऐकून घ्यावे. पतीच्या मनात शंका असतील, तर त्यानेही डॉक्टरांशी बोलावे. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही. पुढच्या तपासणीला जाताना गाठीइतकेच झोप, मन आणि नवरा-बायकोच्या नात्याबद्दलचे प्रश्नही कागदावर लिहून न्यावेत. तेही उपचारांचाच भाग आहेत.