खोट्या हुकमावर धावणारी ग्रंथी

आरशासमोर उभे राहा, हनुवटी जरा वर करा आणि पाण्याचा एक घोट गिळा. कंठमण्याच्या खाली, जिथे गळ्याची हालचाल दिसते, तिथेच श्वासनलिकेला बिलगून थायरॉइड ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम 20 ग्रॅम. पण हृदयाने किती जोरात धावायचं, आतड्यांनी किती लगबग करायची, अंगात ऊब किती राहायची, हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

तिचा कच्चा माल आयोडीन. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं. सत्तर वर्षांचा हिशेब मांडला तरी चार ग्रॅम भरत नाहीत! हे कणकण आयोडीन ग्रंथी रक्तातून ओढून घेते आणि रक्तातल्यापेक्षा सुमारे तीसपट प्रमाणात आपल्याकडे साठवते. चार अणू जोडून टी-4 हार्मोन बनतं. शरीराच्या पेशी त्यातला एक अणू काढून टाकतात आणि त्याहून प्रभावी टी-3 तयार होतं. दोन-तीन महिने पुरेल इतका तयार माल ग्रंथीत कायम शिल्लक असतो.

उत्पादन किती करायचं हे मात्र ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हा रासायनिक हुकूम पाठवते. हार्मोन कमी पडलं की टीएसएच वाढतं, पुरेसं झालं की उतरतं. म्हणूनच थायरॉइड अति काम करू लागली की रिपोर्टमध्ये टी-3, टी-4 वाढलेलं आणि टीएसएच जवळपास शून्यावर आलेलं दिसतं. पिट्युटरी ‘पुरे’ म्हणून केव्हाच गप्प झालेली असते, तरी उत्पादन चालूच. मग हुकूम देतंय कोण?

डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 साली या आजाराचं वर्णन केलं. त्यांचंच नाव आज त्याला आहे. कोड्याचा धागा मात्र 1956 साली न्यूझीलंडमध्ये हाती लागला. ॲडम्स आणि पर्व्हस या संशोधकांनी रुग्णाच्या रक्तातला द्रव गिनीपिगना टोचला. त्यांच्या थायरॉइड कामाला लागल्या आणि नेहमीच्या टीएसएचने लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ कामात राहिल्या. पुढे कळलं की तो पदार्थ म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीने बनवलेली अँटिबॉडी आहे. ती टीएसएचच्या जागी नेमकी जाऊन बसते. अँटिबॉडीचं काम एरवी शत्रूला निकामी करण्याचं. ही मात्र आपल्याच ग्रंथीला कामाला जुंपते. टीएसएच म्हणजे ॲक्सिलेटरवरचा पाय, वेळ आली की उचलला जातो. ही अँटिबॉडी म्हणजे त्याच ॲक्सिलेटरवर ठेवलेली वीट.

थायरॉइड म्हटलं की वजन वाढतं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. इथे सगळं उलट. भूक भरपूर, तरी कपडे ढगळ होतात. पंख्याखालीही घाम, छातीत धडधड, रात्री झोप नाही, क्षुल्लक कारणावरून चिडचिड. डॉक्टर हात पुढे पसरायला सांगून बोटांवर कागद ठेवतात. न दिसणारा कंप कागदाच्या थरथरीत दिसतो. गळ्यावर स्टेथोस्कोप टेकवला तर कधी कधी वाढलेल्या रक्तप्रवाहाची सळसळही ऐकू येते. काहींचे डोळे बटबटीत होतात, आणि सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास जास्त. वयस्कर माणसांत मात्र नुसती मरगळ, घटतं वजन किंवा हृदयाचे अनियमित ठोके, एवढंच दिसू शकतं.

हार्मोन वाढलं म्हणजे प्रत्येक वेळी ग्रेव्हजच असं नाही. ग्रंथीतली एखादी गाठ स्वतःच्या मर्जीने हार्मोन बनवत असते. बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या तापानंतर ग्रंथीला सूज येऊन नुसता साठा गळतो. तिथे उत्पादन थांबवणारी गोळी कुचकामी. म्हणून अँटिबॉडीची तपासणी किंवा स्कॅन लागतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. त्यांच्यामुळे काही लॅबमध्ये निरोगी माणसाचा रिपोर्टही या आजारासारखा येतो.

उपचारांत सहसा पहिली येते कार्बिमाझोल. ती आयोडीन हार्मोनमध्ये गुंफू देत नाही. पण आधीचा साठा शिल्लक असल्याने गुण यायला काही आठवडे जातात. तोवर धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी. वर्ष-दीड वर्षाचा कोर्स झाल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांत आजार उलटतो. मग शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन.

या दुसऱ्या उपायाची युक्ती अफाट आहे. 12 नोव्हेंबर 1936 रोजी बोस्टनमधल्या एका व्याख्यानानंतर सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरने विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? 1941 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला ते पाजलंसुद्धा. ग्रंथीची आयोडीनची हाव इथे कामी येते. ती ते स्वतःच ओढून घेते आणि दोनेक मिलिमीटरच पोचणारे बीटा किरण तिच्याच पेशी मारतात. मुंबईत परळला 1963 पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर हेच काम करत आलं आहे. या डोसनंतर बहुतेकांची ग्रंथी थंडावते आणि रोज थायरॉक्सिनची (म्हणजे टी-4 ची) गोळी घ्यावी लागते. गरोदरपणात हा उपाय वर्ज्य, आणि डोस घेतल्यावर काही दिवस लहान मुलांपासून अंतर ठेवायचं.

औषध सुरू असलेल्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कार्बिमाझोल चालू असताना ताप आला किंवा घसा दुखू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या; क्वचित त्या धोकादायक पातळीवर घसरतात. आणि बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण त्या काळात औषध बदलावं लागतं. एरवी, बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने सोडू नका.