काकीची जागा राखणारे आमचे काका

सर्व सभासद, होडीमालक, तांडेल, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या आयाबहिणींनो,

आपल्या पेजवर एरवी डिझेलचा कोटा, बर्फाचा दर, हवामानाचा इशारा असंच काहीतरी असतं. आज थोडं वेगळं लिहितोय. गेल्या महिन्यात आपल्या सोसायटीचे एक जुने सभासद गेले. पंच्याहत्तरी गाठली होती. घरच्यांनी सांगितलं, नाव आणि फोटो घालू नका, त्यांना ते आवडलं नसतं. म्हणून मी नुसतं ‘काका’ लिहितो. मोरजीपासून चोपडेपर्यंत ज्यांना ओळखायचं ते पहिल्या चार ओळींतच ओळखतील.

मुक्तीच्या वर्षी, म्हणजे 1961 ला, काका शाळकरी पोर होते. मराठी चौथी झाली आणि वडील गेले. मग रापणीवर. तेव्हा रापणीच्या दोरीला हात लावला की पोरालासुद्धा थोडा वाटा मिळायचा. त्या वाट्यावर त्यांनी आई आणि दोन धाकटी भावंडं सांभाळली. पुढे ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळची मासळी खरवडून न्यायला लागले. गोव्यात रापणकारांचं मोठं आंदोलन झालं, 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, किनाऱ्याजवळचा 5 किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. काका त्या मोर्चांना जायचे. पण संध्याकाळी घरी परत. बाकीचे पणजीला रात्र काढायचे, हे मिळेल त्या गाडीने, फेरीने, शेवटी चालत घरी.

त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून त्यांचं घर मी आतून बघितलंय. काकी मासळी घेऊन म्हापशाला जायच्या. तेव्हा शिवोलीचा पूल नव्हता, चोपड्याहून फेरी. पहाटे काळोखात काकीची पाटी काका डोक्यावर घेऊन फेरीपर्यंत जायचे. रात्रभर समुद्रावर असले तरी. पुरुषमाणूस बायकोची पाटी वाहतो म्हणून धक्क्यावर लोक हसायचे. आम्ही पोरंसुद्धा हसायचो, खोटं कशाला बोलू? एकदा कुणीतरी तोंडावर विचारलं तर म्हणाले, "मासळी म्हजी, पाटी म्हजी, मगे वजें तिचें कित्याक?" आणि चालायला लागले.

दोन मुली आणि एक मुलगा. मुली शिकल्या, एक नर्स झाली, एक शिक्षिका. मुलींच्या फीसाठी काकांनी एका वर्षी नवं जाळं घ्यायचं रद्द केलं आणि जुनंच जाळं मत्स्यबंदीचे दोन महिने बसून सांधलं. बंदीच्या दिवसांत ते ओसरीवर जाळं घेऊन बसायचे आणि शेजारी पोरांना पाढे म्हणायला लावायचे. पाढा चुकला की सुई थांबायची. मीही तिथेच सतरा आणि एकोणीसचा पाढा पाठ केला.

आता 2009 च्या फयान वादळाची गोष्ट. ते वादळ 11 नोव्हेंबरला वर महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागलं आणि कोकणातले किती मच्छीमार परतले नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. आदल्या दिवशी काकांची होडी बाहेर होती. बांगडा बरा लागत होता. पाण्याची लाट त्यांना वेगळी वाटली. जाळं अर्धं रिकामं असताना ओढून घेतलं आणि होडी फिरवली. खलाशी कुरकुरले, मुलगा तर भांडलाच. काका एवढंच म्हणाले, "मासळी फाल्यां पण मेळटली. पोरांक बापूय मेळचो ना." त्या दिवसाची वाटणी शून्य झाली. काकांनी खलाशांना डिझेलच्या पैशातून रोज दिला आणि स्वतः उधारीवर राहिले. दोन दिवसांनी बातम्या आल्या तेव्हा तेच खलाशी त्यांच्या ओसरीवर येऊन गप्प बसले होते.

काका देवमाणूस होते असं मी म्हणणार नाही. हट्टी होते. सोसायटीच्या सभेत आवाज चढवायचे, माझ्यावर तर कितीदा. जाळं कुणाला उसनं देत नसत. विडी शेवटपर्यंत सुटली नाही. मुलाला मोठी बोट घ्यायची होती, काकांनी घेऊ दिली नाही, त्यावरून बापलेकांत वर्षभर अबोला होता. ती बोट घ्या म्हणून फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेलेला माणूस मीच. मी नवीन सचिव झालो होतो, जोशात होतो. कर्ज, सबसिडी, उत्पन्न, सगळं समजावलं. काकांनी चहा संपेपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "राती घरा येवंक मेळटलें?" मोठी बोट पाच-सहा दिवस बाहेर राहणार, हे मी सांगितलं. त्यांनी फॉर्म घडी करून माझ्या खिशात घातला. मी वैतागून बाहेर पडलो. जुन्या वळणाचा माणूस, पोराला पुढे जाऊ देत नाही, असं मी चारचौघांत बोललोही.

त्यानंतर काही वर्षांनी काकीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. काकांनी दुसऱ्या आठवड्यात होडी मुलाच्या ताब्यात दिली आणि समुद्र सोडला. मला वाटलं, आता घरात बसतील. घरात बसले नाहीत. सकाळी काकीचं सगळं आवरायचं, पेज भरवायची, सुनेवर घर सोपवायचं आणि मार्केटात काकीच्या जागेवर जाऊन बसायचं. तिचीच आदोळी, तिचंच पाट, तिचंच प्लॅस्टिक. रोजचा सोपो भरायचा. मासळी कापायला त्यांना नीट येत नव्हती, बोटं कापून घेतली. आजूबाजूच्या बायका आधी हसल्या, मग त्यांनीच शिकवलं.

मी एकदा विचारलं, काका, या वयात हे कशाला? मुलगा कमावतो, मुली पैसे पाठवतात. म्हणाले, "सुवात तिची. मोकळी सोडली तर दुसरें कोण बसतलें. बरी जाली म्हणटकीर ती खंय बसतली?"

डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्यांना माहीत होतं. तरी सहा वर्षं ते तिथे बसले. दुपारी घरी जाऊन हुमण करायचे, माशाचा काटा न् काटा काढून काकीला भरवायचे. पेडव्याचेसुद्धा. पेडव्याचे काटे काढून बघा एकदा, मग कळेल.

एका गणेश चतुर्थीच्या आधी मुलाने काकीला गाडीत घालून मार्केटात आणलं. खुर्ची काकांच्या शेजारी ठेवली. काकीने डाव्या हाताने एक बांगडा उचलला, कल्ला उघडून बघितला आणि अडखळत गिऱ्हाइकाला भाव सांगितला. काकांनी सांगितला होता त्यापेक्षा वीस रुपये जास्त. सगळं मार्केट हसलं. काका सगळ्यात जास्त हसले.

काका झोपेत गेले. काकी आहेत. त्यांच्या जागेवर आता सून बसते. तेराव्यानंतर मी भेटायला गेलो तेव्हा मुलाने मला एक वही दाखवली. होडी बाहेर काढताना काका रोज त्यात लिहायचे: तारीख, खलाशांची नावं, प्रत्येकाचं गाव, घरच्याचा फोन नंबर. वही घरी काकीजवळ असायची. कारवारकडच्या एका खलाशाच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘बायको नववा महिना, याला नेऊ नये’. वाटा मात्र त्याला दिल्याची नोंद खाली होती.

मुलगा म्हणाला, बोटीवरून भांडलो ते चुकलंच. मी म्हटलं, तू एकटा नाही चुकलास.

मंडळी, माझ्याकडे सोसायटीचं रजिस्टर आहे. त्यात होड्यांचे नंबर आहेत, इंजिनांचे हॉर्सपॉवर आहेत. पण कितीतरी सभासदांच्या वारसाचा रकाना कोरा आहे, आणि खलाशांची नावं तर जवळजवळ नाहीतच. पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेच्या गट अपघात विम्यात अपघाती मृत्यू झाला तर 5 लाख रुपये घरच्यांना मिळतात, आणि त्याचा हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. पण नाव नोंदवलेलं नसेल, कागद नसतील, तर मागाहून बायकापोरांनी कुणाकडे जायचं?

म्हणून काकांच्या आठवणीत एकच मागतो. हार नको, बॅनर नको. प्रत्येक होडीमालकाने एक वही करावी, काकांसारखी, आणि ती घरी ठेवावी. आणि या आठवड्यात ऑफिसात येऊन आपलं आणि आपल्या खलाशांचं नाव, वारसाचं नाव भरून जावं. आधार कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स आणा. संध्याकाळी उशिरापर्यंत मी बसतो.

तुमचा,
सचिव